‘रात्री बाबांजवळ कोण?’ : वडिलांना सांभाळणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

मागणी साधी होती. बाबांना रात्रभर झोप लागेल अशी एखादी गोळी लिहून द्या. मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळी दिली नाही. बाबांना तपासून झाल्यावर त्यांनी सोबत आलेल्या मुलीचाही रक्तदाब मोजला, तो बराच वाढलेला निघाला, आणि त्यांनी तिला आमच्याकडे, म्हणजे आजारी माणसांना सांभाळणाऱ्यांना आधार देणाऱ्या आमच्या गटाकडे, पाठवलं. बाबांच्या कागदपत्रांची फाइल जाडजूड होती. मुलीच्या नावाचा केसपेपर मात्र कुठेच नव्हता.

इथे मांडलेलं घर कुणा एकाचं नाही. आजारी आईवडिलांना सांभाळणाऱ्या अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभं केलं आहे, म्हणून नावांऐवजी नातीच ठेवली आहेत: बाबा, दादा, ताई आणि धाकटी.

घर

बाबा 81 वर्षांचे. कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, निदान होऊन नऊ वर्षं झालेली. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि तेव्हापासून बाबांचं सगळं ताईच बघते. ती 54 वर्षांची आहे, अर्धवेळ हिशेबाचं काम करते आणि बाबांच्याच घरात राहते. तिने लग्न केलेलं नाही. दादा दूर राहतो, दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज फोन करतो. धाकटी जवळच राहते. तिची नोकरी आहे, दोन शाळकरी मुलं आहेत, आणि दर रविवारी ती सगळ्यांना घेऊन भेटायला येते.

कुणीही पाठ फिरवलेली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. तिघांनाही बाबांची माया होती. तरीही सगळा भार एकीवर आला, कारण लग्न न केलेली बहीण ‘मोकळी’ असते असं घरात कुणी बोललं नसलं तरी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ताईनेही.

माणसाला दैनंदिन आयुष्यात किती आधार लागतो हे पाहण्यासाठी सिडनी काट्झ यांनी 1963 साली मांडलेली सहा कामांची यादी आजही वापरतात: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवणं. बाबा स्वतःच्या हाताने जेवत होते, बाकी पाचांत मदत लागत होती. लॉटन आणि ब्रॉडी यांच्या 1969 च्या यादीत फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामं आहेत. ती आठही ताईकडे होती. या याद्या उपयोगाच्या आहेत, पण आजारी माणसाला काय जमत नाही एवढंच त्या सांगतात. ते कोण करतं आणि कोणत्या वेळी करतं, हा रकाना त्यांत नसतो. आमचं बरंचसं काम तो रकाना भरण्याचं होतं.

तिच्याशी एकटीशी बोलणं

ताईशी पहिल्यांदा बोललो ते बाबांसमोरच. ती म्हणाली, “मला काही नाही हो. तुम्ही बाबांचं बघा.” सांभाळणारं माणूस आजारी माणसासमोर दुसरं काही बोलणारच नाही. त्यानंतरची भेट तिची एकटीची ठेवली.

त्या भेटीत स्टीव्हन झारिट यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली भरून घेतली. 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 88. ताईचे गुण ‘मध्यम ते तीव्र भार’ या गटात, म्हणजे 41 ते 60 च्या दरम्यान आले. गुणांपेक्षा ती कोणत्या प्रश्नांपाशी थांबली ते आम्हाला महत्त्वाचं वाटलं. स्वतःला पुरेसा वेळ मिळत नाही असं वाटतं का, या प्रश्नाला तिने भराभर उत्तर दिलं. वडिलांचा राग येतो का, याला मात्र बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, “कधीकधी वाटतं, आता संपावं हे सगळं. आणि लगेच वाटतं, मी काय माणूस आहे?”

ही भावना फार घरांत असते आणि फार थोडे लोक ती बोलून दाखवतात. संपावंसं वाटणं म्हणजे वडील नकोसे होणं नव्हे. आम्ही तिला तेव्हाच तसं स्पष्ट सांगितलं, कारण हे ऐकून समोरचं माणूस गप्प बसलं तर बोलणाऱ्याला तो आपल्यावरचा ठपका वाटतो. स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही सरळ विचारलं. तसं नव्हतं. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट असलेला विचार बोलायला वाट मिळते.

रक्तदाबाची गोळी तिला दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. संपल्यावर पुन्हा आणायची राहून गेली होती. बाबांच्या औषधांचा एकही दिवस चुकलेला नव्हता.

आठवड्याची नोंद

ताईला आठवडाभर एक वही ठेवायला सांगितलं: किती वाजता उठली, कशासाठी, किती वेळ गेला. वही परत आली तेव्हा तीन गोष्टी डोळ्यांसमोर आल्या.

पहिली म्हणजे रात्र. बाबा रात्री चार-पाच वेळा हाक मारत होते. कधी लघवीसाठी, कधी कूस बदलायला. झोपेत ओरडणं आणि लाथा झाडणं होतं, आणि पहाटे कधीतरी ‘कोपऱ्यात मुलं उभी आहेत’ असं म्हणून घाबरणं होतं. ताईची सलग झोप दीड-दोन तासांपलीकडे जात नव्हती, आणि असं गेली दोन वर्षं चाललं होतं. दुपारी डोळा लागला तर अपराधी वाटायचं.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवण्याची. उचलणं, धुणं, कपडे घालणं यांत वेळ जात होताच, पण पानं भरली होती ती वेगळ्याच कामांनी: गोळ्या संपायला किती दिवस उरले, कोणत्या डॉक्टरांना कोणत्या औषधाबद्दल सांगायचं, विम्याचा कागद कुठे ठेवला, काल पोट साफ झालं का. या कामाला सुट्टी नसते, कारण ते डोक्यात चालू असतं. कुणी तासभर बाबांजवळ येऊन बसलं तरी ते थांबत नाही.

तिसरी गोष्ट पाहून धाकटीला रडू आलं. वहीत सगळ्यात जास्त काम रविवारी होतं. पाहुण्यांसाठी जास्तीचा स्वयंपाक, घर आवरणं, दुपारची झोप मोडल्याने चिडलेले बाबा, आणि सगळे गेल्यावरची आवराआवर. धाकटी मदतीला म्हणून येत होती आणि तिला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आधी बाबांची रात्र

सांभाळणाऱ्याला आधार द्यायचा म्हणून थेट समुपदेशनाला सुरुवात करण्याची घाई आम्हाला पटत नाही. आजाराचा जो भाग कमी होऊ शकतो तो आधी कमी करावा. नाहीतर रात्री पाच वेळा उठणाऱ्या बाईला आपण दीर्घ श्वास घ्यायला शिकवत बसतो.

मेंदूविकारतज्ज्ञांनी सगळ्या औषधांची यादी नव्याने तपासली. लघवी वारंवार होते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली गोळी अँटिकोलिनर्जिक, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवणाऱ्या, प्रकारची होती. वयस्कर माणसांत, आणि कंपवातात तर जास्तच, अशा औषधांनी गोंधळ आणि भास वाढू शकतात. ती थांबवून वेगळ्या प्रकारचं औषध दिल्यावर कोपऱ्यातली मुलं बरीच कमी झाली. रात्री लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाचा, असर उतरला की अंग ताठरतं आणि कूस बदलता येत नाही. त्यासाठी झोपताना हळूहळू विरघळणारी मात्रा सुरू झाली. झोपेत लाथा झाडणं हा स्वप्नावस्थेतल्या झोपेचा विकार असून तो कंपवातात पुष्कळदा आढळतो, हे कळल्यावर ताईची भीती निम्म्याने ओसरली. पलंगाच्या कडेला मऊ गाद्या आल्या. झोपेची गोळी का नको, हेही तिला नीट समजावलं: आधीच तोल जाणाऱ्या माणसाला गुंगी आली तर पडण्याचा आणि भ्रमाचा धोका वाढतो.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या. पाणी दिवसभरात भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं. पलंगापाशी लघवीचं भांडं, आणि ज्या रात्री फार त्रास होईल त्या रात्री बाहेरून लावायची कंडोमसारखी पिशवी. कमरेखाली गुळगुळीत कापडाचा पट्टा, म्हणजे कूस बदलताना अंग सरकतं. उठताना रक्तदाब एकदम खाली जात होता, म्हणून आधी पलंगावर पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं. महिनाभरात रात्रीच्या हाका साधारण दोनवर आल्या.

पण दोन हाकांनासुद्धा कुणीतरी उठावंच लागतं.

तिघांची बैठक

बैठकीत दादाला फोनवरून घेतलं. सुरुवातीलाच तो म्हणाला, “ताई, मी कधीपासून सांगतोय, काही लागलं तर नुसतं सांग.” धाकटीनेही तेच म्हटलं. ताई गप्प होती.

हे वाक्य मनापासून बोललं जातं, तरीही त्यातून मदत होत नाही. काय लागेल हे ओळखायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, सांगताना संकोच गिळायचा, झालं की नाही याचा पाठपुरावा करायचा, हे सगळं पुन्हा ताईकडेच राहतं. म्हणून आम्ही वही मधे ठेवली आणि विचारलं, यातलं कोणतं काम तुम्ही अख्खं घेता? अख्खं म्हणजे त्या कामाचा विचारसुद्धा ताईने करायचा नाही. संपूर्ण प्रकरणात आमच्या मते हीच एक गोष्ट सगळ्यात जास्त कामी आली.

दादाने औषधं घेतली. साठा मोजणं, मागवणं, डॉक्टरांच्या वेळा ठरवणं, विम्याचे कागद, तपासण्यांचे अहवाल जपून ठेवणं. हे दूर बसूनही होतं. आठवड्यातल्या तीन रात्रींसाठी पगारी मदतनीस ठेवण्याचा खर्चही त्याने उचलला, आणि मदतनीस आला नाही तर बदली शोधणं हेही त्याचंच. धाकटीने शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस घेतला. रविवारी ती एकटी येणार होती, मुलांना न घेता.

ताईची अडचण एकच होती. “बाबांना परकं माणूस चालणार नाही.”

बाबांना कुणी विचारलं होतं का? नव्हतं. आमच्या परिचारिकेने त्यांना एकटं गाठून, सावकाश, औषधाचा असर चांगला असतानाच्या वेळेत विचारलं. कंपवातात आवाज बारीक होतो आणि उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून लोक त्यांच्या वतीने बोलून टाकतात. बाबा म्हणाले, “पोरीने अंघोळ घालायची हे मला फार जड जातं. पण तिला कसं सांगू? तिला वाईट वाटेल.” तीन वर्षं दोघंही एकमेकांसाठी ते सोसत होती. अंघोळीला पुरुष मदतनीस हवा, ही निवड बाबांची स्वतःची ठरली. आधी काही दिवस तो ताई घरात असताना दिवसा आला आणि ओळख झाल्यावर रात्री राहू लागला.

घडी बसेपर्यंत

पहिल्या शनिवारी ताई शेजारच्या खोलीत झोपली. बाबांनी सवयीने तिलाच हाक मारली, ती उठली, धाकटीही उठली, आणि सकाळी दोघी थकलेल्या. घरात राहून सुट्टी मिळत नाही. पुढच्या शनिवारी ताई एका मैत्रिणीकडे राहायला गेली. तिथेही रात्री दोनदा आपोआप जागी झाली. शरीराला हे विसरायला बरेच आठवडे लागले.

मग एका रविवारी धाकटीकडून लेव्होडोपाची दुपारची मात्रा उशिरा दिली गेली आणि संध्याकाळी बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. ताई परतली, वही पाहिली आणि भडकली: “तुझ्यावर सोडलं की असंच होतं!” धाकटी म्हणाली, “मग तूच कर ना सगळं, ताई. तुला दुसऱ्या कुणाचं पसंतच पडत नाही.”

दोघींचंही खरं होतं. काम सोपवताना ते आपल्याच पद्धतीने व्हावं असा आग्रह धरला तर दुसरं माणूस नोकरासारखं वागतं आणि शेवटी निघून जातं. पण काही गोष्टींत चूक चालतही नाही. म्हणून एक कागद केला. त्यावरच्या गोष्टींना तडजोड नाही, बाकी सगळं त्या दिवशी जो जबाबदार असेल त्याच्या पद्धतीने.

कागदावर लिहिलं: लेव्होडोपा घड्याळाच्या काट्यावर, जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी, कारण प्रथिनांनी त्याचं शोषण कमी होतं. आधाराशिवाय चालायचं नाही. जेवताना पाठ ताठ, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताप, अचानक वाढलेला गोंधळ, गिळताना ठसका लागून श्वास अडकणं किंवा पडून डोक्याला मार लागणं, यांपैकी काहीही झालं तर वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. अचानक आलेला गोंधळ ‘वयामुळे’ म्हणून सोडून द्यायचा नाही. पुष्कळदा त्यामागे जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता किंवा नवीन औषध असतं. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा बेचैनीसाठी हॅलोपेरिडॉल द्यायचं नाही, दोन्हींनी कंपवात बळावतो. आणीबाणीत नव्या डॉक्टरांपुढे हा कागद धरावा, ही सूचना कंपवाताच्या प्रत्येक घराला आम्ही करतो.

मदतनिसाकडून दोघी बहिणींनी उचलण्याची पद्धतही शिकून घेतली. काखेत हात घालून ओढायचं नाही, कमरेला पट्टा बांधायचा, बाबांचे पाय मागे घ्यायचे, त्यांना पुढे झुकू द्यायचं आणि तीन म्हणताना उठायचं. पाय अडले की जमिनीवर लावलेल्या रंगीत पट्टीवरून पाऊल टाकायला सांगायचं. ताईची कंबरदुखी कमी झाली ती यामुळेच.

अभ्यास काय सांगतात

1999 साली शुल्झ आणि बीच यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासात जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांची चार वर्षं नोंद ठेवली होती. सांभाळताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यातला मृत्यूचा धोका न सांभाळणाऱ्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त आढळला. ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात असा वाढलेला धोका दिसला नाही. ताई मुलगी आहे आणि वयाने लहान, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण सांभाळणं आणि ताण या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, ही आशा त्यातून मिळते.

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्यांच्या 406 जोडीदारांवर केलेल्या कामात व्यक्तिगत आणि कौटुंबिक समुपदेशन, आधारगट आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला अशी जोड होती. 2006 च्या अहवालानुसार रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ त्यामुळे 557 दिवसांनी लांबली (मध्यक). बैठकीला घरातल्या सगळ्यांना बसवण्याचा आमचा आग्रह इथून आलेला आहे. लंडनच्या ‘स्टार्ट’ अभ्यासात (2013) आठ सत्रं प्रशिक्षण दिलेल्या मानसशास्त्राच्या पदवीधरांनी घेतली, अनुभवी तज्ज्ञांनी नव्हे, तरी सांभाळणाऱ्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं.

आधारगटाचं मात्र ताईच्या बाबतीत जमलं नाही. ती एकदा गेली. तिथे कुणाचे वडील नुकतेच गेले होते, ते ऐकून आल्यावर तिला दोन दिवस झोप लागली नाही. आम्ही आग्रह धरला नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी आमच्या परिचारिकेचा फोन तिला जास्त मानवला. त्या फोनवर पहिला प्रश्न तिच्या रक्तदाबाचा असायचा, बाबांचा विषय त्यानंतर.

सहा महिन्यांनी

ताईचा रक्तदाब आटोक्यात आहे. झारिटचे गुण एक गट खाली आले, तरी शून्याच्या जवळपासही नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. नोकरी टिकली. मदतनीस असतो त्या रात्री ती सलग सहा तास झोपते.

बाबांचा आजार पुढे सरकला आहे. गिळणं बिघडलं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. तेव्हा कुणी कोणती रात्र थांबायचं यावर वाद झाला नाही, कारण वाटप आधीच ठरलेलं होतं. घरी आल्यावर बाबांनी, जड जिभेने पण शुद्धीवर, सांगितलं की पुढे गिळता आलं नाही तर पोटात नळी घालून जगवू नका. हे तिघांच्या समोर आणि डॉक्टरांच्या उपस्थितीत झालं आणि लिहून ठेवलं गेलं. असा निर्णय ताईला एकटीला घ्यावा लागला असता, तर त्याचं ओझं तिने पुढे किती वर्षं वाहिलं असतं!

सगळं सुटलेलं नाही. घर बाबांच्या नावावर आहे, ताई त्यात राहते, आणि त्याबद्दल भावंडांच्या मनात काहीतरी आहे हे आम्हाला जाणवतं. दादाच्या घरी दरमहाच्या खर्चावरून कुरबुर सुरू झाली आहे. मालमत्तेत आम्ही पडलो नाही. बाबांना समजतं आहे तोवर वकिलांशी बोलून घ्या, एवढं तिघांना सांगितलं.

परीक्षेच्या महिन्यात धाकटीला शनिवार जमणार नाही, असं तिने यावेळी आधीच कळवलं. ताई लगेच म्हणाली, “असू दे, मी करीन.” दादाने ते होऊ दिलं नाही. त्या महिन्यासाठी तो स्वतः येऊन राहणार आहे, आणि येण्याआधी अंघोळ, कंडोम पिशवी आणि कमरेचा पट्टा हे तिन्ही मदतनिसाकडून शिकण्यासाठी त्याने दोन दिवस जादा धरले आहेत.